ज्याला कळत नाही त्याने कोणाचे ऐकावे?

केसपुत्त गावच्या कालामांची बुद्धाकडे एक तक्रार होती. आमच्या गावात श्रमण येतात, ब्राह्मण येतात. जो येतो तो आपलेच मत वाखाणतो आणि इतरांच्या मतांची चिरफाड करतो. तो गेला की दुसरा येतो, तोही तेच करतो. यांतला कोण खरे बोलतो आणि कोण खोटे, हे आम्ही ओळखावे कसे? ही तक्रार अंगुत्तर निकायात नोंदलेली आहे, पण व्हिडिओ गेम करायला शिकणाऱ्या मुलामुलींना ती आज सकाळचीच वाटेल. एक जण सांगतो, इंजिन (म्हणजे गेम ज्यावर उभा करायचा ते सॉफ्टवेअर) घ्यायचे तर युनिटी शीक, नोकऱ्या त्यातच आहेत. दुसरा म्हणतो, युनिटी सोड आणि गोडो घे, ते फुकट आहे आणि कोण्या कंपनीच्या मालकीचे नाही. तिसऱ्याच्या मते अनरील येत नसेल तर कोणी दारात उभे करणार नाही. चौथा या तिघांनाही हसतो: आधी सी प्लस प्लस शीक, स्वतःचे इंजिन लिही, मग बोल. पाचवा हळूच कानात सांगतो की इंजिन लिहायला बसलेल्यांचा गेम कधीच पुरा होत नाही. (पाचव्याचे म्हणणे बरेचदा खरे निघते, हे मान्य करायला हवे.)

सल्ला फुकट मिळतो, म्हणून त्याच्याकडे गंभीरपणे पाहायची आपल्याला सवय नाही. तो मानून फायदा झाला की तोटा, इतकाच हिशेब होतो. पण दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून आपण जे धरून चालतो त्याला ज्ञान म्हणायचे की नाही, हा तत्त्वज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात मेनो सॉक्रेटिसला पेचात पकडतो: जे मुळात माहीतच नाही ते शोधायचे कसे, आणि समजा पुढ्यात आलेच, तर हेच ते, हे कळायचे कसे? ‘खार्मिदीस’ या दुसऱ्या संवादात सॉक्रेटिसची शंका जास्त व्यवहारातली आहे. खरा वैद्य कोण आणि वैद्याचे सोंग घेतलेला कोण, हे ओळखायला वैद्यकच यावे लागते. मग रोग्याने काय करावे?

शिकाऊ माणूस नेमका या रोग्याच्या जागी असतो. चांगला सल्ला पारखायला जे ज्ञान लागते, तेच मिळवण्यासाठी तो सल्ला विचारायला आलेला असतो. आपल्याकडे यावर एक तयार तोडगा सांगतात: ऐकावे जनाचे, करावे मनाचे. म्हण छान आहे, पण तिचा उपयोग ज्याचे मन त्या विषयात थोडे तरी मुरले आहे त्याला. ज्याने अजून एकही गेम शेवटापर्यंत नेलेला नाही, त्याचे गेमविषयीचे ‘मन’ म्हणजे बहुधा काल रात्री पाहिलेला शेवटचा व्हिडिओ असतो.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा कीस काढला आहे. चार्वाकांनी दुसऱ्याचा शब्द प्रमाण मानायला साफ नकार दिला. बौद्ध तार्किक दिङ्नागाने त्याला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. बोलणारा विश्वासाचा आहे, त्यावरून आपण त्याच्या बोलण्याविषयी अनुमान करतो, एवढेच, असे त्याचे म्हणणे. नैयायिकांनी मात्र शब्दाला प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला बसवले, पण अट घातली: तो शब्द आप्ताचा हवा. गौतमाच्या न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगितले आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते. इतक्या जुन्या भाष्यकाराने ज्ञानाच्या बाबतीत कुळाचा प्रश्न असा सहज निकालात काढावा, याचे आजही नवल वाटते.

या लक्षणात दोन अटी आहेत, आणि गेमच्या दुनियेत त्या एकत्र भेटणे दुर्मिळ. सांगायची हौस असलेले पुष्कळ असतात, पण त्यांनी स्वतः एकही गेम बाजारात आणलेला नसतो. ज्यांनी आणलेला असतो त्यांतल्या काहींना कोर्स विकायचा असतो, काहींना आपण ज्या कंपनीत आहोत तिचे इंजिन खपवायचे असते. ते खोटे बोलतात असे नाही. पण ‘जशी जाणली तशी’ ही अट तिथे ढिली पडते.

दोन्ही अटी पुऱ्या करणारे उदाहरणही आहे. ‘किर्बी’ आणि ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मालिकांचे जनक मासाहिरो साकुराई यांनी ऑगस्ट २०२२ ते ऑक्टोबर २०२४ या काळात गेम कसा करावा यावर अडीचशेहून अधिक छोटे व्हिडिओ प्रसिद्ध केले. खर्च सुमारे नऊ कोटी येन, सगळा खिशातला. जाहिराती नाहीत, उत्पन्न नाही. फटका बसला की चित्र क्षणभर थिजवले म्हणजे तो फटका जोरदार का वाटतो, इथपासून संघातल्या माणसांशी कसे बोलावे इथपर्यंत सगळे त्यांत आहे. वात्स्यायनाने साकुराईंना आप्त म्हणायला हरकत घेतली नसती.

पण आप्ताच्या नावावर भलतेच कोणी बोलले तर?

गेम करणाऱ्या मंडळींत एक वचन वेदवाक्यासारखे फिरते. त्याचा आशय असा: उशिरा आलेला गेम शेवटी चांगला होतो, घाईने आणलेला मात्र कायमचा वाईट राहतो. ‘मारिओ’ आणि ‘झेल्डा’चे कर्ते शिगेरू मियामोतो यांच्या नावावर हे वाक्य खपते. मियामोतोंनी ते म्हटल्याचा खात्रीचा पुरावा मात्र आजवर कोणी दाखवू शकलेले नाही, आणि त्याच्याशी मिळतीजुळती वाक्ये १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या इतर गेमवाल्यांच्या तोंडी सापडतात. संतांच्या नावावर नंतर घुसडलेल्या अभंगांची चर्चा मराठी वाचकाला नवी नाही. तिथे निदान ‘तुका म्हणे’ ही मुद्रा तरी असते. इथे मियामोतोंचे हसरे छायाचित्र मुद्रेचे काम करते.

बरे, वाक्य कोणाचेही असो, ते खरे आहे का? १९९७ साली जाहीर झालेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ २०११ साली आला. मध्ये चौदा वर्षे गेली, आणि आल्यावर समीक्षकांनी तो धोपटून काढला. उलट बाजूला ‘नो मॅन्स स्काय’. ऑगस्ट २०१६मध्ये तो आला तेव्हा दिलेल्या आश्वासनांपैकी कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या आणि खेळणाऱ्यांचा संताप झाला होता. त्याच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने पुढची कित्येक वर्षे फुकट सुधारणा देत देत तो इतका बदलला की आज त्याची गणना नामांकित गेममध्ये होते. म्हणजे वचनाचे दोन्ही भाग तोंडावर आपटले. पण एका गोष्टीचे श्रेय त्याला द्यायला हवे. गेम कार्ट्रिजमधून विकला जात असे आणि विकल्यावर त्यात एक अक्षर बदलता येत नसे, त्या काळी ते बऱ्याच अंशी खरे होते. वाक्य तसेच राहिले, त्याच्या खालची जमीन सरकली.

सल्ल्याला असे वय असते, आणि गेमच्या धंद्यात ते फार लवकर होते. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले की ठराविक मर्यादेपुढे गेम जितक्या यंत्रांवर बसवला जाईल तितक्यांदा पैसे द्यावे लागतील. आदल्या दिवसापर्यंत ‘डोळे झाकून युनिटी शीक’ म्हणणारे लोक एका रात्रीत गोडोचे प्रचारक झाले. पुढच्या महिन्यात कंपनीच्या प्रमुखांनी पद सोडले, आणि वर्षभराने ती आकारणीच रद्द झाली. मग आधीचा सल्ला चुकीचा होता की नंतरचा? ‘मेलेले साधन शिकू नका’ हा आणखी एक रास्त वाटणारा सल्ला घ्या. गेम करण्याच्या एक्सएनए या आपल्या साधनाचा विकास थांबवत असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१३ साली स्पष्ट केले. सिएटलजवळचा एरिक बॅरोन तेव्हा त्याच एक्सएनएमध्ये एकट्याने शेतीचा एक गेम करत होता. साधन मेले म्हणून त्याने गेम टाकला नाही. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘स्टारड्यू व्हॅली’ बाजारात आला, आणि आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

आप्त खरा, वचन त्याचेच आणि काळही फारसा बदललेला नाही. तरीही सल्ला बिघडू शकतो, कारण तो अर्धाच पोचतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगतेच की वेळेआधी कोड वेगवान करायच्या मागे लागू नकोस, सगळ्या पापांचे मूळ ते आहे. हे डोनाल्ड कनुथ यांचे, १९७४च्या एका लेखातले. पण त्या लेखात लगेच पुढे कनुथ बजावतात की जो थोडा भाग खरोखर कळीचा आहे, तिथे वेगाची संधी सोडू नये. सुमारे सत्त्याण्णव टक्के एकीकडे आणि तीन टक्के दुसरीकडे, अशी त्यांची वाटणी आहे. गेममध्ये सेकंदाला साठ चित्रे काढायची असतात. एका चित्राला जेमतेम सोळा मिलिसेकंद मिळतात. वेग जिथे कळीचा असतो अशा जागा गेममध्ये नेहमीच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी जास्त. तिथे नेमकी तीन टक्क्यांची बाब गाळून सल्ला फिरतो आणि मुले अडखळत चालणारे गेम करून कनुथांचे नाव सांगतात.

‘कोड स्वच्छ लिही’ हाही असाच. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ या २०१०च्या गाजलेल्या गेमचा कोड त्याचे कर्ते टेरी कॅव्हना यांनी दहा वर्षांनी खुला केला, तेव्हा गेमची बहुतेक सूत्रे एकाच लांबलचक फलनात कोंबलेली दिसली, शेकडो पर्याय एकाखाली एक. ‘सेलेस्ट’च्या नायिकेच्या हालचालींचा कोड तिच्या कर्त्यांनीच लोकांपुढे ठेवला; पाच हजारांहून अधिक ओळी एकाच फाइलमध्ये. २०२४ साली धुमाकूळ घालणाऱ्या ‘बलात्रो’च्या कोडमधल्या ‘जर-तर’च्या रांगा पाहून अनेक अभियंत्यांना घाम फुटला. कॉलेजात हे तिन्ही प्रकल्प तोंडी परीक्षेत नापास झाले असते. तरी यावरून ‘कोड गबाळा लिहा’ असा सल्ला काढणे म्हणजे पहिल्याइतकीच मोठी चूक. एकट्याने वा दोघांनी केलेल्या आणि एकदा बाहेर पडल्यावर फारशा न बदलणाऱ्या गेमला जे चालते, ते चाळीस जणांच्या संघाला बुडवेल.

इथून आपण आदर्श म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्यांचा प्रश्न येतो, आणि इथे श्रद्धेचा विषय टाळता येत नाही. ‘छोट्यापासून सुरुवात कर, स्वप्नातला गेम पहिल्यांदा करू नकोस’ हा या क्षेत्रातला बहुधा सर्वांत शहाणा सल्ला. त्यावर प्रत्येक नवखा बॅरोनचे नाव फेकतो: त्याने पहिलाच मोठा गेम साडेचार वर्षे एकट्याने केला, चित्रे, संगीत, कोड, सगळे! ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात सिसेरोने देवांच्या स्वरूपावरच्या ग्रंथात मेलोसच्या डायागोरसची गोष्ट सांगितली आहे. हा नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता. देवाला नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात लावलेली चित्रे एका मित्राने त्याला दाखवली आणि विचारले, आता तरी देव मानशील का? डायागोरसने विचारले, जे बुडाले त्यांची चित्रे कुठे आहेत?

आपल्याकडच्या देवळांतही फेडलेल्या नवसांच्या घंटा असतात. न पावलेल्या नवसांची घंटा कोणी बांधत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक गेम आले. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणी घेणार नाही, आणि त्यांच्या कर्त्यांना सल्ला द्यायला कोणी व्यासपीठावर बोलावणार नाही. त्यांच्यातही साडेचार वर्षे एकट्याने राबलेली माणसे असतील. शिवाय बॅरोनच्या गोष्टीतून दोन तपशील नेहमी गळतात. त्याने सुरुवात केली ती नोकरीसाठी हात साफ व्हावा म्हणून, थोड्या महिन्यांचे काम समजून. आणि त्या वर्षांत घर चालले ते जोडीदाराच्या कमाईवर आणि नाट्यगृहातल्या त्याच्या अर्धवेळ नोकरीवर. ‘नोकरी सोड, स्वप्नामागे धाव’ असा उपदेश त्याच्या नावावर खपवणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

हाच संशय आपल्या माणसांबाबतही धरायला हवा. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम केला. देव आणि असुरांच्या युद्धात हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली तेव्हा उद्दिष्टाएवढे पैसे जमले नाहीत. लोकांनी कौल दिला, आता थांबा, असे सांगणाऱ्याला कोणी मूर्ख म्हटले नसते. ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२०मध्ये गेम आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ‘हार मानू नका’ एवढेच तिच्यातून काढायचे, तर तेही वाचलेल्या खलाशाचेच चित्र.

मग सगळ्याच सल्ल्यांवर फुली मारायची का? रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात आधी गुरूचे लक्षण सांगितले, मग शिष्याचे, मग उपदेशाचे, आणि शेवटच्या चार समासांत बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध या चार अवस्था मांडल्या. (मध्ये एक समास ‘बहुधा ज्ञाना’चा आहे. त्यात नाना कलाकौशल्ये मोजून हे काही खरे ज्ञान नव्हे असे समर्थ बजावतात. गेम बनवण्याची विद्या त्यांनी त्या यादीत निःसंकोच टाकली असती.) त्यांचा विषय मोक्षाचा, पण ही मांडणी कोणत्याही शिक्षणाला लागू पडते. एकच उपदेश चौघांना देता येत नाही. ‘कोडच्या टापटिपीकडे पाहू नकोस, गेम चालतो ना, मग झाले’ हे पहिल्या महिन्यातल्या मुलीला तारते आणि तिसऱ्या वर्षी तिला अडकवते. ‘दुसऱ्यांचे गेम बारकाईने खेळ’ हे साधकासाठी उत्तम. पण ‘बलात्रो’चा कर्ता स्वतः सांगतो की गेम करत असताना त्याने त्या प्रकारचे इतर गेम मुद्दाम खेळायचे टाळले, चुका आपल्या आपण करायला मिळाव्यात म्हणून. तो सिद्ध होता असे म्हणायचे नाही. पण त्याची अवस्था वेगळी होती: पोटापाण्याची नोकरी होती आणि हा गेम छंद म्हणून चालला होता.

भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताचे चोवीस गुरू मराठी घरांत दत्ताच्या नावाने ओळखीचे आहेत, आणि एकनाथांनी त्यांच्यावर विस्ताराने लिहिले आहे. त्या चोविसांना एकत्र बसवले तर भांडण जुंपेल. अजगर सांगतो, जागचा हलू नकोस, येईल ते घे. भ्रमर सांगतो, अनेक फुलांवर जा, थोडे थोडे वेच. लग्नाची मुलगी, जिने कांडताना आवाज होऊ नये म्हणून हातात एकेकच कांकण ठेवले, ती एकट्याने काम करणाऱ्यांची आद्य पुरस्कर्ती मानायला हरकत नाही. आणि बाण घासण्यात गढलेल्या कारागिराच्या शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. विसंगती कुठेच नाही, कारण या गुरूंपैकी कोणी अवधूताला बसवून उपदेश केलेला नाही. ते आपापले काम करत होते, तो पाहत होता, आणि काय घ्यायचे ते त्याने ठरवले. शिकण्याची ही रीत गेमच्या बाबतीत फार उपयोगी आहे. गाजलेल्या कर्त्याच्या मुलाखतीपेक्षा त्याचा कोड आणि त्याचा पहिला कच्चा आराखडा जास्त शिकवतो. ‘सेलेस्ट’चा मूळ छोटा अवतार दोघांनी चार दिवसांत केला होता आणि तो आजही कोणालाही फुकट खेळता येतो, २०१८च्या पूर्ण गेमशी तो ताडून पाहिला की काय ठेवले, काय टाकले, ते दिसते.

सल्ल्यांचा आणखी एक धोका आहे, तो त्यांच्या चांगुलपणातच दडलेला. संपूर्ण महाभारतात सर्वांत उत्तम सल्ला कोणाला मिळाला असेल तर धृतराष्ट्राला. उद्योगपर्वात त्याला झोप येत नाही, तो विदुराला बोलावतो आणि रात्रभर नीती ऐकतो. तेवढ्याने भागत नाही म्हणून सनत्सुजात येऊन मृत्यूचे तत्त्वज्ञानही सांगतो. राजाला सगळे पटते. तो कबूलही करतो की तुझे खरे आहे विदुरा, पण दुर्योधन समोर आला की माझे मन पुन्हा फिरते. सकाळ होते आणि काही बदलत नाही. ट्युटोरियलमागून ट्युटोरियल पाहणारी, टिपणे काढणारी, प्रत्येक सल्ल्याला मान डोलावणारी आणि स्वतःचा गेम कधीच न उघडणारी जी मुले असतात, त्यांना कोणी वाईट सल्ला दिलेला नसतो. उलट, उत्तम सल्ला ऐकल्याचे समाधानच त्यांना पुरते.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानत, पण प्रत्यक्षाला ज्येष्ठ. गेमच्या शिक्षणात प्रत्यक्षाची सोय चांगली आहे, आणि बहुतेक शिकाऊ तिच्याकडे पाठ फिरवतात: गेम अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचे. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ १९९७च्या अखेरीस यायचा होता. तो रटाळ झाला आहे हे कर्त्यांच्याच लक्षात आले आणि त्यांनी तो जवळजवळ नव्याने उभा केला. नोव्हेंबर १९९८मध्ये तो बाहेर पडेपर्यंत दोनशेहून अधिक वेळा बाहेरच्या माणसांना बसवून खेळवले गेले. कर्ते मागे बसून टिपणे घेत, आणि खेळणारा कितीही चुकला, अडला, चिडला तरी तोंडातून शब्द काढायची परवानगी नसे. ज्याने ते कोडे रचले त्याला ही शिक्षाच. (उशिरा आलेला गेम चांगला होतो, या वचनाला ‘हाफ-लाइफ’चा पाठिंबा आहे, हे इथे नोंदवणे न्यायाचे.) खेळणारा तोंडाने जे सुचवतो त्याला मात्र वेगळे माप लावावे लागते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’चे मुख्य रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २०१६ साली वीस वर्षांतले वीस धडे सांगितले, त्यांतला एक असा की लोकांना दुखते कुठे ते बरोबर कळते, औषध मात्र त्यांना विचारू नये. खेळणाऱ्याचे अडखळणे हे प्रत्यक्ष. ‘इथे एक तलवार द्या’ ही त्याची सूचना हे त्याचे अनुमान, आणि बहुधा कच्चे.

या कसोटीवर सल्ल्याची पारख बरीच सोपी होते. ‘नायकाची उडी सुरू होताना गुरुत्वाकर्षण कमी ठेव, उतरताना वाढव’ हा सल्ला खरा की खोटा, हे अर्ध्या तासात स्वतःच्या हातांनी तपासता येते. सांगणारा कोण, हे विचारायची गरज उरत नाही. ‘पाच वर्षे तग धर, यश येईलच’ हा सल्ला पाच वर्षे संपेपर्यंत तपासता येत नाही, आणि यश आले नाही तर सांगणारा म्हणू शकतो की तुझा तगच कमी पडला. पहिल्या जातीचा सल्ला कोणाकडूनही घ्यावा. दुसऱ्या जातीचा घेताना तो श्रद्धेचा विषय आहे हे ओळखून घ्यावा.

पण तपासून खरा ठरलेला सल्लाही घ्यावाच, असे नाही. कठोपनिषदात यम नचिकेत्यापुढे श्रेयस आणि प्रेयस असे दोन मार्ग ठेवतो. सुखाचा तो हिताचा असेलच असे नाही. २०१६ साली हेलसिंकीतल्या एका परिषदेत मोबाइल गेमच्या एका व्यावसायिकाने खेळणाऱ्यांना पैसे खर्च करायला कसे भाग पाडावे, मानसशास्त्राच्या कोणत्या युक्त्या लागू पडतात, यावर भाषण दिले. सल्ला नेमका होता, कामाचा होता, पुढे त्यावर मोठी टीकाही झाली. तो ‘चुकीचा’ नव्हता; तो वाईट होता. याच्या दुसऱ्या टोकाला हनोईचा दोंग न्गुयेन. त्याचा ‘फ्लॅपी बर्ड’ २०१४च्या जानेवारीत जगभर पसरला, आणि जाहिरातींतून दिवसाला सुमारे पन्नास हजार डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारीत त्याने तो स्वतःच मागे घेतला. लोकांना त्याचे व्यसन लागले आहे आणि ते आपल्याला बरे वाटत नाही, असे कारण त्याने दिले. धंद्याचा कोणताही सल्लागार त्याला अडवता, आणि धंद्याच्या हिशेबाने त्याचे बरोबरच असते. बौद्ध परंपरेत मार्गाच्या आठ अंगांपैकी एक सम्यक आजीव आहे. उपजीविका कशी करावी हा प्रश्न तिथे मोक्षमार्गातच येतो, त्याच्या बाहेर ठेवलेला नाही.

कालामांना बुद्धाने दिलेले उत्तर आजकाल अर्धेच सांगितले जाते: ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथावर, ‘हा आमचा गुरू’ एवढ्यावर विसंबू नका, स्वतः पाहा. पण ते तिथे संपत नाही. एखादी गोष्ट अकुशल आहे, तिच्याने अहित होते आणि शहाणी माणसे तिची निंदा करतात, असे तुम्हाला कळले की ती सोडा, असे पुढे येते. म्हणजे शहाण्यांचे मत कसोटीतून वगळलेले नाही; ते एकटे पुरत नाही, एवढेच.

पुण्या-मुंबईत गेम करणाऱ्या शहाण्यांना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. व्यासपीठावर यशाची सूत्रे सांगायला पुष्कळ जण मिळतात. तुमच्या बुडालेल्या गेमची हकिगत मराठीत लिहा: किती महिने गेले, पैसे कुठून आणले, कोणाचा कोणता सल्ला कोणत्या साली मानला, आणि तो कुठे लागू पडला नाही. सोबत तारीख घाला, इंजिनचे नाव घाला आणि संघात किती माणसे होती तेही लिहा. मराठीत शिकणाऱ्या मुलांना असे लेखन आज जवळजवळ वाचायलाच मिळत नाही.